सकाळचे दोन तास, संध्याकाळचा एक

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, घरात दिवसभर कुणी ना कुणी चिडलेलं असतं, असं तू फोनवर म्हणालीस. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

नीट पाहिलंस तर ही चिडचिड दिवसभर नसते. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहा ते सात, एवढ्यातच बहुतेक भांडणं होतात. डब्याला काय करायचं, सॉक्स कुठे आहेत, वहीवर सही कुणी करायची, हे सगळं त्याच वेळी ठरवावं लागतं आणि घड्याळ तर पुढे पळत असतं. म्हणून जे ठरवायचं ते रात्रीच ठरवून टाका. कामं तेवढीच राहतील, पण सकाळी डोकं शांत राहील.

रात्रीची जेवणं झाली की वीस मिनिटं त्यासाठी काढा. पाच दिवसांचे डबे रविवारीच ठरवून फ्रीजवर कागद लावा. दर आठवड्याला तेच पदार्थ फिरून आले तरी बिघडत नाही, मुलांना आधी माहीत असलेलं बरं वाटतं. कणीक रात्री मळायची तर नेहमीपेक्षा जरा घट्ट मळ, तेलाचा हात लाव आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. झाकण सैल राहिलं तर कणीक काळपट पडते. सकाळी पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढ, नाहीतर गार कणकेची पोळी कडेला फाटते. मेथी निवडून कोरडीच ठेवायची, धुवायची सकाळी. ओली ठेवली की पिशवीत सडते. बाबा, निवडायचं काम तुम्ही घ्या. गवार आणि मेथी तुमच्या हातची छान स्वच्छ असते.

दप्तर मात्र धाकट्याला भरून देऊ नका. वेळापत्रक भिंतीवर त्याच्या उंचीला चिकटवा, तो भरेल तेव्हा नुसतं शेजारी बसा. मोठ्यांनी भरलं की सकाळी "आजी, माझी वही कुठे ठेवलीस?" सुरू होतं, आणि शाळेत काही सापडलं नाही तर त्याचा राग घरावर निघतो.

सकाळी सूचना एकाच माणसाने द्यायच्या. वहिनी सांगत असेल तर बाकीच्यांनी गप्प राहायचं, मग त्यांचं वेगळं मत का असेना. स्वयंपाकघरातून "आटप, आटप" ओरडून उपयोग होत नाही, कारण त्यातून नेमकं काय करायचं ते पोराला कळत नाही. जवळ जा, नाव घ्या, एकच गोष्ट सांगा: "बूट घाल." ते झालं की पुढची. आणि बाबा, सगळे बाहेर पडेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा, ही कळकळीची विनंती. त्या आवाजावर प्रत्येकाचा आवाज चढतो.

झोपेचा हिशोब उठायच्या वेळेपासून उलटा मांडायचा. धाकट्याच्या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, थोरलीला ८ ते १०. ती रात्री अकराला झोपून सहाला उठते, म्हणजे रोज किमान एक तास कमी पडतो. मग किरकोळ बोलण्यावर तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आपण तिला हट्टी ठरवतो. पावणेदहाला तिचा मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, मोठ्यांचेही त्याच जागी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. धाकट्याची शाळा उशिरा असताना त्याला बहिणीबरोबर सहाला उठवायचं काहीच कारण नाही.

संध्याकाळी मुलं भुकेली असताना अभ्यासाला बसवू नका. साडेपाचला मूठभर शेंगदाणे घालून भडंग, सोबत केळं. अभ्यासाचं त्यानंतर बघा. वहिनी बँकेतून आली की पहिली पंधरा मिनिटं तिला कुणी काही विचारायचं नाही: पाणी, तोंड धुणं, चहा. तक्रारी, सह्या, उद्याचे पैसे सगळं त्यानंतर. तिच्यावरचं खरं ओझं लक्षात ठेवण्याचं आहे. फी, गॅस, लसी, पालकसभा सगळं तिच्याच डोक्यात. दादाने "सांग, काय आणू" विचारलं तरी आठवण ठेवायचं काम तिच्याकडेच राहतं. फी आणि गॅस पूर्णपणे दादाकडे द्या, तारीख लक्षात ठेवण्यापासून पावती फाईलला लावेपर्यंत. कुपवाडला कामाची दुसरी पाळी असली तरी हे मोबाइलवर होतं. हे तुम्हीच त्याला सांगा. तुमचं तो ऐकतो.

राग चढला की श्वासाचा उपाय खरंच चालतो. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा, पाच मिनिटं. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. छाती ताणून श्वास भरला तर चक्कर येते, म्हणून सावकाश. मुलांना हे शांत वेळी शिकवा, भ्रामरीसारखा गुणगुणता आवाज त्यांना आवडतो. रडारड चालू असताना शिकवायला गेलात तर त्यांना ती शिक्षा वाटेल.

पावसाळ्याचं वेगळं लिहिते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की २०१९चा महापूर आठवून सगळ्यांची झोप उडते, ते साहजिक आहे. पातळी सकाळ-संध्याकाळ दोनदाच बघा. कागदपत्रं आणि औषधांची पिशवी भरलेली ठेवा, मुलांना ती कुठे आहे ते दाखवा. तयारी दिसली की मुलांची भीती कमी होते.

काही गोष्टी नुसता ताण म्हणून सोडायच्या नाहीत. फक्त शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास राहणं, जेवण तुटणं. असं दिसलं तर आधी शांतपणे विचारा, मग डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं कुणीही म्हणालं तर त्याच दिवशी दाखवायचं, वाट बघायची नाही.

आता तुमच्याविषयी. आई, दुपारी दीड ते अडीच तुझी विश्रांती, त्या वेळात दार, फोन, नातवंडं सगळं बाबांकडे. बाबा, छातीत दडपण, घाम, जबडा किंवा हात दुखणं असं झालं तर "दगदग झाली" म्हणून झोपून राहू नका, लगेच १०८ लावा. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. बोलता बोलता मोजलं तर आकडा जास्त येतो आणि उगाच घोर लागतो. पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या, गोळी कमी-जास्त करायचं डॉक्टरच ठरवतील.

तुमची लेक