पुस्तकांआधी ग्रंथपाल हवा : राजापूर तालुक्यातील आपल्या शाळेसाठी आवाहन

माजी विद्यार्थी, पालक, ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्यात असलेल्या आपल्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या माध्यमिक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल नेमायचा आणि त्याच्या तीन वर्षांच्या मानधनाचा निधी लोकवर्गणीतून उभा करायचा, असे माजी विद्यार्थी मंडळाने आणि पालक-शिक्षक संघाने मिळून ठरवले आहे. विद्यार्थीसंख्या कमी असल्याने शासनाकडून हे पद आपल्याला मिळत नाही. कपाटाच्या किल्ल्या आजवर ज्या शिक्षकांकडे तासिका कमी, त्यांच्याकडे फिरत राहिल्या. शनिवारी पुस्तके वाटायची, परीक्षेआधी गोळा करायची आणि वहीत सह्या घ्यायच्या, एवढ्यावर ग्रंथालय चालले. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे लिहिलेले आहे. वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टीची पुस्तके यांचा त्यात उल्लेख आहे, पण ती मुलांपर्यंत नेणाऱ्या माणसाचा नाही.

तो माणूस असला की काय होते, ते गेल्या वर्षी आपल्या शाळेने पाहिले. आपलीच एक माजी विद्यार्थिनी, बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला शाळेत येत होती. तिने कपाटे आवरण्याआधी एक काम केले. ती शिक्षकखोलीत जाऊन बसली आणि प्रत्येकाला विचारले, ‘पुढच्या महिन्यात कोणता धडा घेणार आहात? मुले कुठे अडतात?’

सहावीच्या इतिहासात ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे. भौतिक, लिखित, मौखिक अशी तीन साधने मुले पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात. इतिहासाचे सर आणि ही ग्रंथपाल ताई यांनी मिळून तो पाठ आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, कोरलेल्या चित्रांपर्यंत नेला. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. नऊ ठिकाणे, त्यांतली आठ महाराष्ट्रात आणि एक गोव्यात. कशेळी, बारसू, देवीहसोळ ही तर आपल्याच तालुक्यातली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या आकृतीच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. मुलांनी विचारले, इथे आज हत्ती नाही, गेंडा नाही, मग कोरणाऱ्यांनी ते पाहिले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर सरांनी फळ्यावर लिहून दिले नाही. ताईने वर्तमानपत्रांतली कात्रणे, विश्वकोशातल्या नोंदी, प्राण्यांची सचित्र पुस्तके आणि नकाशे जमवून वर्गात मांडले. चांगले वाचणाऱ्यांसाठी वेगळे, अडखळत वाचणाऱ्यांसाठी वेगळे. विषय सरांकडे होता. सूची कशी पाहायची, लिहिणारा कोण आहे, केव्हा लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले, हे शिकवणे तिच्याकडे होते. शिल्पांचा काळ एका लेखात एक, दुसऱ्यात वेगळा निघाला तेव्हा मुले गोंधळली. छापलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्यांना नवीन होते. त्यावर एक अख्खी तासिका गेली आणि आमच्या मते वर्षातली ती सर्वांत मोलाची तासिका होती. मौखिक साधनांसाठी मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारले. त्या खुणा पांडवांनी कोरल्या असे एका घरात सांगितले जाते, हे त्यांनी लिहून आणले, आणि ही श्रद्धा आहे की पुरावा, यावर चर्चा झाली. शेवटी वह्या सर आणि ताई दोघांनी मिळून तपासल्या.

शिक्षकाच्या बरोबरीने पाठ आखणारा, शिकवणारा आणि तपासणारा असा ग्रंथपाल आम्हाला हवा आहे. ज्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन पाळतो, ते भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी गणित शिकवत होते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलेले नियम आहेत. किल्ली सांभाळून ते साधत नाहीत. त्यासाठी मूल ओळखावे लागते आणि त्या आठवड्यात वर्गात काय चालले आहे हे ठाऊक असावे लागते.

पुढच्या वर्षासाठी भूगोलाच्या बाईंनी विषय सुचवून ठेवला आहे. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर का येतो? जांभा दगड, विहिरी, झरे, जुन्या पाणवठ्यांच्या आठवणी, असे बरेच साहित्य जमवावे लागेल. पण आपल्या ताईला आता दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे. तिने आनंदाने जावे. फुकट श्रमावर हे काम कायम चालवणे आम्हालाही पटत नाही.

मानधन दरमहा १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,०००. संदर्भपुस्तके, मासिके, नकाशे आणि छायाप्रतींसाठी वर्षाला ४०,००० धरले आहेत. तीन वर्षांचे एकूण ६,६०,००० रुपये होतात. एखाद्याने दरमहा ५०० रुपये द्यायचे ठरवले तरी त्याचे आम्हाला फार मोल आहे, कारण महिन्याच्या महिन्याला मानधन वेळेवर देता आले तरच चांगला माणूस टिकतो.

एक विनंती स्पष्टपणे करतो. घरातली जुनी गाइडे, वापरलेल्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे कृपया पाठवू नका. पुस्तकेच द्यायची असतील तर आधी शाळेकडून यादी मागवा. गावच्या विहिरींचे, शेतीचे, जत्रेचे जुने फोटो, कागदपत्रे, पत्रे घरात असतील तर मात्र जरूर दाखवा, प्रती काढून मूळ परत देऊ. शेती, आंबा बागायत, मच्छीमारी, बँक, दवाखाना अशा कामांत असलेल्यांनी वर्गात येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली तर तीही मोठी मदत होईल.

१८२८ मध्ये ज्या रत्नागिरी जिल्ह्यात नगर वाचनालय उभे राहिले, त्या जिल्ह्यातल्या खेड्यातल्या मुलांना एक ग्रंथपाल मिळावा, ही मागणी मोठी नाही.

देणगी शाळेच्या कार्यालयात द्यावी आणि पावती घ्यावी. मुंबईकर मंडळींनी गणपतीला गावी आल्यावर दिली तरी चालेल, मात्र आकडा आधी कळवावा, म्हणजे जूनमध्ये नेमणूक करता येईल. निवड मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि दोन पालक मिळून करतील. जमाखर्च दर सहा महिन्यांनी पालकसभेत वाचून दाखवला जाईल आणि सूचनाफलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
माजी विद्यार्थी मंडळ व पालक-शिक्षक संघ