हरित रोजगारांची वजाबाकी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदल आणि रोजगार यांविषयीच्या चर्चेत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालातील दोन आकडे हमखास येतात. योग्य धोरणे राबविली गेली तर २०३० पर्यंत हरित अर्थव्यवस्थेत २ कोटी ४० लाख नवे रोजगार निर्माण होतील आणि सुमारे ६० लाख नाहीसे होतील, असा तो अंदाज आहे. मग वजाबाकी करून निव्वळ लाभ सांगितला जातो आणि विषय तिथेच मिटतो. अंदाजाशी माझे भांडण नाही. मात्र काम गमावणारा आणि नवे काम मिळवणारा हा बहुधा एकच माणूस नसतो, आणि वजाबाकीत नेमके हेच लपते.

कोळशाची खाण बंद पडते एका गावात आणि पवनचक्क्या उभ्या राहतात जिथे वारा असेल तिथे. खाण दोन-तीन पिढ्यांना पोसते. सौर प्रकल्पाला मात्र बहुतेक मनुष्यबळ उभारणीपुरतेच लागते आणि पुढच्या देखभालीला मोजकी माणसे पुरतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिन, स्पार्क प्लग, सायलेन्सर नसतात. म्हणजे हे सुटे भाग बनविण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या कामगाराचे कसब बाजारातून उठते. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला नवे कौशल्य शिकण्याचा सल्ला सारेच देतात, पण शिकण्याच्या काळात घर कशावर चालवायचे, याबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून बदल लांबवावा, असे मात्र मुळीच नाही, कारण उष्णता आजच रोजगार खात आहे. याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार, शतकाअखेरीस तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसपर्यंतच राहील असे धरले तरी २०३० मध्ये जगातील कामाच्या एकूण तासांपैकी २.२ टक्के तास उष्णतेमुळे वाया जातील. हे नुकसान ८ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके असून त्यातला सुमारे ६० टक्के वाटा शेतीचा असेल. शेतीची आणि बांधकामाची कामे सावलीत होतात, असे गृहीत धरून हा हिशेब केलेला आहे. भर उन्हात खुरपणाऱ्या बाईला ही सावली कोण देणार, कोणास ठाऊक.

प्रश्न उरतो तो बदलाच्या रीतीचा. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणींचे अनुदान २०१८ मध्ये संपविण्याचा निर्णय २००७ मध्येच घेतला आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या अकरा वर्षांत वयस्क कामगारांना मुदतपूर्व निवृत्तीचा भत्ता मिळाला, इतरांची बदली किंवा पुनर्प्रशिक्षण झाले. याउलट ब्रिटनमध्ये १९८० आणि १९९० च्या दशकांत खाणी भराभर बंद झाल्या. तेथे कारण हवामानाचे नव्हते, पण परिणाम अभ्यासण्याजोगा आहे: पुष्कळ खाणकामगार बेरोजगारांच्या आकडेवारीत दिसलेच नाहीत, कारण ते आजारपणाच्या भत्त्यावर गेले. म्हणजे कागदावर बेकारी कमी दिसत होती आणि वस्त्या ओस पडत होत्या.

जर्मनीचा हा मार्ग महागडा होता, हे मान्य करायला हवे. शिवाय अशा योजनांचा लाभ प्रामुख्याने पटावरच्या कायम कामगारालाच मिळतो. जिथे खाणीतली आणि वीज केंद्रातली निम्मी-अधिक कामे कंत्राटदाराच्या माणसांकडून होतात, तिथे भरपाई द्यायची ठरली तरी कोणाला, हे ठरविणारी नोंदच नसते. ट्रकचालक, उपाहारगृहातले कामगार, कामगार वस्तीतला दुकानदार हे तर कोणत्याच यादीत बसत नाहीत. हवामानबदलाविषयीच्या २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा, म्हणजे बदलाचा भार कामगारावर पडू नये या तत्त्वाचा, उल्लेख आहे खरा. पण प्रस्तावनेतल्या शब्दावर बोट ठेवून कंत्राटी कामगाराला काही मागता येत नाही. माझ्या मते खाण किंवा वीज केंद्र बंद करण्याची तारीख जाहीर होण्याआधी या माणसांची नोंद व्हायला हवी, कारण नंतर कंत्राट संपते आणि माणसे पांगतात.

आपणास एक विनंती आहे. एखाद्या हरित प्रकल्पातून अमुक हजार रोजगार निर्माण होणार, अशी बातमी छापताना त्यांपैकी उभारणीनंतर किती टिकणार आणि किती कंत्राटी असणार, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी प्रकल्पचालकांना विचारावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे.

आपला नम्र,
एक वाचक