लंबकाचे घड्याळ बाद करण्याआधी

संपादक महोदय,

दिवाळीची रंगरंगोटी निघाली की घरातल्या जुन्या टोल्यांच्या घड्याळावर संक्रांत येते. भिंत रंगवायला ते उतरवतात, पुन्हा टांगतात आणि ते पाच-दहा मिनिटांत थांबते. मग 'मशीन गेलं, सेलचं बसवा' असा सल्ला मिळतो आणि अन्सोनिया किंवा युंगहान्स अशा जुन्या परदेशी कंपनीचे पितळी यंत्र भंगारात जाते. बहुतेकदा यंत्र ठणठणीत असते, फक्त पेटी तिरकी टांगलेली असते.

कान लावून ऐका. दोन टिकटिकींमधले अंतर सारखे हवे. 'टिकटिक... टिकटिक...' असे लंगडत असेल तर पेटीचे खालचे टोक केसभर डावी-उजवीकडे सरकवत आवाज सम होईल तिथे थांबा. त्या जागी पेटी वाकडी दिसत असेल, तर ती सरळ करून लंबकाला ढकलणारी तार किंचित वाकवा: पेटीचे खालचे टोक ज्या बाजूला सरकवले होते, त्याच बाजूला. पाणसळ लावून पेटी सरळ केली म्हणजे झाले, असे नाही, निवाडा कानाचा. उतरवताना लंबक आधी काढावा, नाहीतर तो ज्या पोलादी पातीवर लटकतो ती मोडते.

'चावी जास्त झाली' हे निदानही खोटे. कमान, म्हणजे स्प्रिंग, पूर्ण आवळल्याने घड्याळ बंद पडत नाही. जुने तेल वाळून चिकट झाले की पडते. म्हणूनच खोबरेल नको. रॉकेलचा फवाराही नको, मळ सुटून आसांच्या, म्हणजे चक्रांच्या दांड्यांच्या, भोकांत जाऊन बसतो. घड्याळाचे तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त आसांच्या टोकांशी एकेक थेंब द्यावे. चक्रांच्या दात्यांना तेल लावले की त्यात धूळ बसते आणि तेच कानस होऊन पितळ खाते.

वेळ पुढे-मागे होत असेल तर लंबकाखालची चकती फिरवा. लंबक वर गेला की घड्याळ पुढे पळते. पाव मीटर लांबीच्या लंबकात १ मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळपास ३ मिनिटे. तेव्हा अर्धाच आटा फिरवून २४ तास वाट पाहा.

टोले चुकतात ते बहुधा काटे घाईने फिरवल्यामुळे. पुष्कळ जुन्या यंत्रांत टोले खाचांच्या चक्रावर मोजले जातात, त्या चक्राला काटे कुठे आहेत याचा पत्ता नसतो. घड्याळात चारला सहा टोले पडले, तर नुसत्या दाबाने बसवलेला तास काटा हलकेच सहावर न्या. मग मिनिट काटा पुढे नेत, प्रत्येक तासाला व अर्ध्या तासाला टोले पुरे पडू देत, वेळ लावा.

एवढे करूनही चालले नाही, तर आसांची भोके झिजून लांबट झाली असतील. तिथे नवी पितळी बुशे, म्हणजे भोकात बसणाऱ्या बारीक नळ्या, बसवून घ्यावीत. भोकाभोवती खिळ्याचे ठोके मारून ते आवळणारा कारागीर टाळावा. कमान भरलेली असताना यंत्राच्या पट्ट्या मात्र घरी उघडू नयेत, बोटे जायबंदी होतात.

सेलचे मशीन बसवायचेच ठरले, तर तबकडीला भोक पाडू देऊ नका आणि जुने यंत्र, लंबक व चावी पेटीतच बांधून ठेवा.

– घड्याळ दुरुस्तीतला एक वाचक, पुणे