रेंजरांची दुसरी बाजूही दाखवा

महोदय,

रविवार पुरवणीतला वेस्टर्न चित्रपटांवरचा लेख वाचला. लेख रंगतदार आहे, पण टेक्सास रेंजर (अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पोलीस दलातला जवान) म्हणजे उमदा, निधड्या छातीचा, न्यायासाठी बंदूक उचलणारा गडी, हे हॉलिवूडने घडवलेले चित्र लेखकाने जसेच्या तसे उचलले आहे. दक्षिण टेक्सासच्या सीमेवर मेक्सिकन वंशाची जी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, तिथे रेंजर म्हटले की वेगळेच काही आठवते.

२८ जानेवारी १९१८च्या पहाटे रिओ ग्रांदे नदीकाठच्या पोर्वेनीर या वस्तीत रेंजर आणि काही गोरे पशुपालक शिरले. लष्कराची तुकडीही बरोबर आली होती. लोकांना झोपेतून उठवून १५ जणांना बाजूला काढले आणि थोड्या अंतरावर नेऊन गोळ्या घातल्या. मेलेल्यांत सर्वांत लहान १६ वर्षांचा, सर्वांत मोठा ७२ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी गावचा मास्तर हॅरी वॉरन याने प्रेते ओळखून नावे लिहून ठेवली. त्यांत त्याचा सासराही होता. उरलेले लोक नदी ओलांडून मेक्सिकोत पळाले आणि वस्ती उठली. पुढे ती रेंजर तुकडी बरखास्त झाली, काहींना नोकरीतून काढले, पण खटला एकावरही चालला नाही.

त्या तुकडीचा कॅप्टन फॉक्स १९१५च्या एका छायाचित्रातही आहे. मेक्सिकन माणसांच्या प्रेतांना दोरखंड बांधलेले आणि शेजारी घोड्यांवर स्वार ऐटीत बसलेले. या छायाचित्राची पोस्टकार्डे निघाली आणि लोकांनी ती विकत घेतली!

लेखात २०१९च्या ‘द हायवेमेन’चे आणि केविन कॉस्टनरने रंगवलेल्या फ्रँक हेमरचे भरभरून कौतुक आहे. अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्राउन्सविलचे आमदार होसे टोमास कनालेस रेंजरांविरुद्ध तक्रारी करू लागले, तेव्हा ‘हे थांबवा, नाहीतर तुम्हाला इजा होईल’ अशा अर्थाची धमकी त्यांना देणारा रेंजर हाच हेमर. कनालेस बधले नाहीत. त्यांनी १९१९मध्ये विधिमंडळाला चौकशी करायला लावली आणि रेंजरांवर १९ आरोप ठेवले. दलाची संख्या कमी झाली खरी, पण साक्षींचे जाडजूड बाड छापले गेले नाही आणि कित्येक दशके लोकांपुढेही आले नाही. या काळात रेंजर रेडिओवर, पडद्यावर आणि पुढे टीव्हीवर घोडा उधळत राहिला. मेलेल्यांच्या नातवंडांकडे राहिल्या त्या फक्त घरात दबक्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी.

त्या गोष्टी चार भिंतींबाहेर आणायला २०१३मध्ये काही प्राध्यापक एकत्र आले. ‘रिफ्यूझिंग टू फरगेट’ हे त्यांच्या उपक्रमाचे नाव. शोधनिबंध लिहून ते थांबले नाहीत, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. २०१६मध्ये ऑस्टिनच्या बुलक संग्रहालयात १९१० ते १९२०च्या सीमाभागावर प्रदर्शन भरले. हे संग्रहालय खुद्द राज्य सरकारचे. म्हणजे ज्या सरकारने रेंजर पोसले, त्याच्याच छपराखाली. मग रस्त्याकडेला सरकारी इतिहास-फलक लावून घ्यायला सुरुवात झाली. पोर्वेनीरचा फलक स्थानिक आक्षेपांमुळे अडला होता. तो २०१८च्या अखेरीस लागला, तोही मूळ जागेपासून लांब, महामार्गालगत. शंभर वर्षांनी लागलेला फलकही कुणाला खुपावा, यातच सारे आले. ग्रंथ वाचणारे थोडे, पण पेट्रोल भरून पाय मोकळे करायला थांबलेला ट्रकवालाही फलक वाचतो. म्हणून मला तो प्रबंधांपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

रेंजरांवरचे चित्रपट बघूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. मीही ते आवडीने बघतो. पण पुरवणीने ‘जरूर पाहा’ म्हणून दहा नावांची चौकट दिली होती. त्यात याच हत्याकांडावरचा ‘पोर्वेनीर, टेक्सास’ हा २०१९चा माहितीपट बसला असता. अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीने तो दाखवला आहे. पुढच्या रविवारी त्यावर एखादा परिच्छेद दिलात तरी चालेल.

— एक नियमित वाचक, पुणे