ले-आऊटचा रस्ता माळाच्या बाजूने काढा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात विजापूर रोड म्हणा, होटगी रोड म्हणा, इकडं बाळे-केगाव पट्टा म्हणा, जिकडं बघावं तिकडं एनए प्लॉटचे बोर्ड लागलेत. यातलं बरंचसं मूळचं माळरान आहे, पण प्लॉट घेताना ते कोण बघतंय, सगळे हायवे किती लांब तेवढंच विचारतात. पावसाळ्यात कुसळी गवत मांडीएवढं वाढतं, दिवाळीनंतर वाळून खडखडीत होतं आणि फेब्रुवारी-मार्चात कुणी बांध पेटवतो, कुणी ऊस गेल्यावर पाचट जाळतो, कुणी नुसतीच बिडी टाकतो, की दुपारच्या वाऱ्यावर जाळ थेट कंपाऊंडला.

यंदा मार्चमध्ये आमच्या कॉलनीच्या मागं हेच झालं. माणसाला काही झालं नाही, एकाची कडब्याची गंजी आणि बोअरची केबल गेली. अग्निशमनची गाडी वेळेत आलेली, पण कोपऱ्यावरच थांबली, कारण बोळात कुणाच्या तरी बांधकामाची खडी पडलेली आणि पुढं रस्ता बंद, गाडी वळवायला जागाच नाही. शेवटी पोरांनी लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून विझवलं.

ऑस्ट्रेलियात हा विषय लोकांना लई महागात पडलाय. 7 फेब्रुवारी 2009 ला व्हिक्टोरिया राज्यात एका दिवसाच्या वणव्यात 173 माणसं गेली, दोन हजारांवर घरं जळाली. मार्चमध्येच तिथं वणव्याच्या भागातल्या बांधकामाचं सुधारित मानक आलं. आता तिथं अशा जागेवर घर बांधायचं तर आधी जागेचा धोका मोजतात, शंभर मीटरच्या आत झाडझाडोरा कसला आहे, उतार किती आहे, त्यावरून सहा श्रेण्या आणि श्रेणीप्रमाणे खिडकी-दार-छप्पर कसं पाहिजे ते ठरतं. चौकशी आयोगाने तर अतिधोक्याच्या जागा मालकांची तयारी असेल तर सरकारने विकत घ्याव्यात अशीही शिफारस केली.

त्यांच्या अनुभवातली खरी कामाची गोष्ट ही की बहुतेक घरं जाळ भिंतीला लागून पेटत नाहीत, वाऱ्याने पुढं उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. ठिणगी छपराच्या फटीतून, व्हेंटिलेटरमधून आत जाते नाहीतर पन्हळीतल्या पाल्यात पडून धुमसत राहते, आणि जाळ पुढं निघून गेल्यावर घर पेटतं. म्हणून तिथं झरोक्यांना धातूची बारीक जाळी लावायला लावतात, भोक 2 मिलिमीटरपेक्षा मोठं नको.

आता आपल्याकडं बघा. आपलं घर स्लॅबचं, वीट-सिमेंटचं, त्या बाबतीत आपण त्यांच्या लाकडी घरांपेक्षा बरे. पण खिडकीत कूलर असतो ना, त्याचं गवत! एप्रिलपर्यंत गेल्या वर्षीचंच कोरडं गवत तसंच असतं, त्यात ठिणगी पडायची खोटी. गच्चीवर हिरवं शेडनेट, मागं पत्र्याच्या शेडमध्ये जुनी पुठ्ठ्याची खोकी आणि सिलिंडर. हे आपलं आपण आवरू शकतो, त्याला सरकार कशाला पाहिजे.

सरकारचं काम वेगळं आहे. मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती हमखास कुठंतरी वाकड्या कोपऱ्यात सोडलेली असते जिथं प्लॉट पडत नाही. तीच जागा आणि आतला एक रस्ता माळाच्या कडेने घ्या, म्हणजे गवत आणि घरं यांच्यात आपोआप पट्टा तयार होतो, बंबालाही कडेकडेने फिरता येतं आणि बिल्डरचा एक गुंठा जादा जात नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्याच्या नियमांत असा कडेचा रस्ता आहे. पाण्याचं मात्र त्यांचं बघून चालणार नाही, तिथं मोठ्या प्लॉटवर आगीसाठी दहा हजार लिटरची टाकी राखून ठेवायला लावतात, इथं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, ती टाकी धुण्या-भांड्यालाच संपंल.

दुसरं दुखणं म्हणजे रिकामे प्लॉट. मालक पुण्याला नाहीतर हैदराबादला, भाव वाढायची वाट बघत बसलेला, आणि त्याचं गवत जळतं ते आमच्या दाराशी. वनविभाग उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढतो, तसं कॉलनीच्या कडेने महापालिकेने नाहीतर ग्रामपंचायतीने जानेवारीत जेसीबी फिरवावा, रिकाम्या प्लॉटवरचं गवत कापून घ्यावं आणि खर्च मालकाच्या घरपट्टीत नाहीतर मोकळ्या जागेच्या करात लावावा. एकदा बिल गेलं की पुढच्या वर्षी स्वतःच माणूस पाठवतील.

नगररचना विभागाने पुढच्या ले-आऊटच्या मंजुरीपासून कडेच्या रस्त्याची अट घातली तरी खूप झालं. जुन्या कॉलन्यांचं जेसीबीवर भागेल.

– एक वाचक, जुळे सोलापूर