उपचार चालू असताना वसुली नको : केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय महोदया,
स. न. वि. वि.

मागच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ सव्वा महिना मनोरुग्णालयात होता. वॉर्डात मोबाइल ठेवू देत नसल्याने त्याचा फोन माझ्याकडे होता आणि वैयक्तिक कर्जाचे दोन हप्ते थकल्यामुळे तो सकाळी ८ च्या ठोक्याला वाजू लागे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये वसुलीच्या फोनसाठी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही वेळ ठरवून दिली. तेवढा नियम मात्र ही मंडळी काटेकोर पाळत. ‘तो दवाखान्यात आहे’ म्हटले की ‘मग तुम्ही भरा’ हे ठरलेले उत्तर येई. घरी आणल्यावर त्याने पहिल्यांदा थकबाकीच विचारली, आणि दंडासकटचा आकडा सांगायला माझी जीभ रेटेना.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून पात्र कर्जदाराला ६० दिवसांची उसंत मिळते. मानसिक आजाराच्या तीव्र संकटात उपचार घेणाऱ्याला मात्र ती उपचार संपेपर्यंत आणि पुढे ३० दिवस मिळते. मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिकाचा दाखला असला की योजनेत बसणाऱ्या कर्जांवरील व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते, आणि त्यासाठी रुग्णाची काळजी घेणारी व्यक्तीही अर्ज करू शकते. कर्ज माफ होत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे विषय निघताच कर्जमाफीचा वाद सुरू होतो.

आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अल्प उत्पन्नाच्या कर्जदारांना नव्याने सुरुवात करता यावी म्हणून १८० दिवसांच्या स्थगितीचे प्रकरण आहे. पण कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्ती वगळता सामान्य माणसांसाठीचा तो भाग लागूच झालेला नाही. शिवाय त्यातली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६०,००० रुपये आणि कर्जाची ३५,००० रुपये आहे, म्हणजे महिना पाच हजारांहून अधिक कमावणारा त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरते आणि त्याच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. वसुली चालूच राहिली, तर हे पुनर्वसन व्हायचे कसे?

म्हणून या मर्यादा वाढवून तो भाग लागू करावा आणि मनोविकारतज्ज्ञाच्या दाखल्यावर, नातेवाइकाच्या अर्जाने, उपचारकाळापुरती वसुली थांबवण्याची तरतूद त्यात घालावी, ही विनंती. दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर रुग्णालयाचा दाखला मिळताच वसुलीचे फोन थांबवावेत, एवढे परिपत्रक काढण्याविषयी आपण रिझर्व्ह बँकेशी बोलावे.

आपली नम्र,
एका कर्जदाराची बहीण, नाशिक