दीडशे हातांवरून इंजनाचा वेग उतरवणाऱ्या नावाडीभाऊस

नावाडीभाऊ, राम राम.

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही, गावही नाही. फायबरची पांढरी बोट, मागे पंचवीस हॉर्सचं इंजन, डोक्याला बांधलेला दुपट्टा, एवढीच खूण. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहोत. वैनगंगेच्या काठाकाठाने फिरत कधीतरी तुमच्या हाती पडेल.

मिरची तोडायला निघालेल्या बायांनी भरलेला डोंगा, म्हणजे बांबूने चालवायची लहान नाव, धारेसोबत तिरपा पलीकडे जाऊन राहिला होता, आणि तुम्ही खालच्या वळणावरून उलट्या धारेने वर येत होता. काठावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण तुम्ही दीडशे हात लांबूनच इंजनाचा वेग उतरवला. बोटीचं तोंड पाण्यावर टेकलं. मग हात वर करून डोंगेवाल्याला खूण केली, आधी तू जा. डोंगा काठाला लागेपर्यंत तुम्ही तिथेच धारेला तोंड देऊन थांबलात. डोंग्यातल्या बायांना यातलं काही कळलं नाही. त्या रोजीचा हिशेब बोलत उतरल्या आणि शेताकडे गेल्या. कळलं ते अलीकडे उभ्या असलेल्या आम्हा ढिवरांना, मासे धरणाऱ्यांना. त्या बाया आमच्याच घरच्या होत्या.

दीडशे हात कशाला, असं कोणी विचारेल. अठरा फूट लांब आणि तीन फूट रुंद डोंग्यात एक माणूस चढला की डोंग्याचा काठ साधारण एका बोटाच्या जाडीएवढा खाली जातो. डझनभर बाया, जेवणाचे डबे, पाण्याच्या कॅन असं सगळं चढलं की पाण्याच्या वर उरतात चार बोटं. म्हणजे सहा-सात सेंटीमीटर. इंजनाच्या बोटीची लाट जवळून सहज फूटभर उठते, आणि रेतीच्या उथळ दांडावर आली की आणखी ताठ होते. अशी लाट आडव्या डोंग्यात शिरली तर एका दमात दहा बादल्या पाणी आत येतं. ते तीन माणसांचं वजन झालं, आणि हे वजन एका जागी बसणारं नाही. डोंगा ज्या अंगाला कलतो त्याच अंगाला ते पळतं. पाय भिजले की माणसं घाबरून उभी राहतात, एकमेकांना धरतात. मग दुसऱ्या लाटेची गरज उरत नाही.

आता वेग कमी करणारे इतरही असतात. पण बहुतेक जण पुऱ्या वेगावरून अर्ध्यावर येतात आणि आपण फार समजूतदार असल्यासारखं बघतात. हलकी बोट पुऱ्या वेगात पाण्यावर चढून पळते तेव्हा तिची लाट त्यामानाने लहान असते. अर्ध्या वेगात बोटीची मागची बाजू खाली बसते, तोंड वर उठतं आणि बोट पाणी नांगरत जाते. सगळ्यात वाईट लाट तेव्हाची! हळू करायचं म्हणजे तोंड खाली बसेपर्यंत करायचं. दुसरे असतात ते अगदी जवळ येऊन इंजन खाडकन बंद करणारे. बोट थांबते, पण तिने आधी उठवलेली लाट थांबत नाही. ती मागून येते, बोटीला ओलांडते आणि पुढे डोंग्यावर जाते. शिवाय बाहेर लावलेल्या इंजनाची बोट पंख्याच्या जोरावरच वळते. इंजन बंद म्हणजे वळणंही बंद, मग धार तिला नेईल तिकडे. तुम्ही ते जेमतेम फिरतं ठेवलंत, जागा सोडली नाही.

तेही खोल धारेत थांबलात, कडेचं उथळ पाणी डोंग्याला सोडलंत. बांबूवर चालणाऱ्या नावेला तळ लागतो. रेती उपसून जिथे खड्डे झालेत तिथे बांबू अचानक बुडतच जातो, टेकत नाही, आणि डोंगा धारेत गरकन फिरतो. इंजनवाला कडेने घुसला तर डोंगेवाल्याला त्या खड्ड्यांवरच जावं लागतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? आम्ही तरी नाही.

याच घाटावर याआधी आलेले काही वीर आठवतात. एकाला हटकलं तर "हळूच तर चाललो ना बाप्पा" म्हणून वर आम्हालाच ऐकवलं. एकाने मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांसाठी भरल्या नावेभोवती गोल चक्कर मारली. आणि ज्यांचं कामच आहे, त्यांनी एक फलक लावला: क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी बसवू नयेत. क्षमता किती, ते फलकावर नाही. लाइफ जॅकेट आले म्हणतात. ते कुलपात आहेत, नोंद व्हायची आहे म्हणे. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ याच वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. अशा बातमीनंतर आठवडाभर सगळ्यांना नदी आठवते.

नियम नाहीत असं नाही. समुद्रासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत: अरुंद पात्रात आपापल्या उजव्या अंगाने चला, इंजनाच्या नावेने शिडाच्या नावेला वाट द्यावी, मागून येऊन पुढे जाणाऱ्याने स्वतः बाजूला व्हावं. आपल्या देशात नद्यांवरच्या नावांसाठी २०२१ चा कायदा आहे, त्यात इंजनाच्या नावांची नोंदणी आणि तपासणी येते. पण महाशिवरात्रीला याच नदीकाठच्या मार्कंड्याच्या यात्रेत नावांची रांग लागते तेव्हा धारेच्या मधोमध कोणी शिपाई उभा नसतो. तिथे चालतं ते नावाड्यांचं आपसातलं. धारेसोबत खाली येणारा आधी, कारण त्याला थांबता येत नाही. रिकामा थांबतो, भरलेला जातो. इंजनवाला थांबतो, बांबूवाला जातो. ज्याच्या हातात जोर जास्त त्याने थांबायचं, ही रीत पाळणारी माणसं अजून नदीवर आहेत. रस्त्यावर ती कमी दिसतात, असं आमचं मत आहे. राग आला तर येऊ द्या.

तुमचे आभार फुकट मानू नयेत म्हणून एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. खालच्या वळणाच्या वर आमची जाळी असतात. दोन्ही टोकांना लाल बाटल्या आहेत, मधल्या पांढऱ्या. लाल बाटलीला वळसा घालून धारेच्या बाजूने जा. मधूनच जायची वेळ आली तर वेग कमी करा, इंजन बंद करून वर उचला आणि वल्ह्याने पार व्हा. नायलॉनचा दोर पंख्याच्या मागे गुंडाळला की आतलं सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. चुकून दोर अडकलाच तर जाळं कापायला संकोच करू नका, जाळं आम्ही विणून घेऊ. पंखा काढून मागचा दोर पूर्ण सोडवा, आणि दुसऱ्या दिवशी गिअरचं तेल बघा. दुधासारखं पांढरं झालं असेल तर सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

आपले,
घाटावरचे ढिवर